अर्ज फेटाळला, म्हणजे सारे संपले का?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जमतो. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून, मुंबईच्या चाळींतून, घाटावरून माणसे येतात. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात आणि परततात. पण त्याच्या तीनच दिवस आधीची एक तारीख आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ती म्हणजे १७ मार्च १९३७. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी चवदार तळ्याचा दावा कायमचा निकालात काढला.

हा दावा कोणी लावला होता? आपण नव्हे. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार असे कळताच महाडच्या स्पृश्य मंडळींनी १२ डिसेंबरला दिवाणी न्यायालयात दावा गुदरला. तळे आमचे खाजगी, अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला त्यांना तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. परिषदेला जमलेल्यांपैकी जवळजवळ ४ हजार लोकांनी सत्याग्रहासाठी, म्हणजे वेळ पडल्यास तुरुंगात जाण्यासाठी, आपली नावे दिली होती. तरीही बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मानून सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. २३ फेब्रुवारी १९२८ ला मनाई उठली. ८ जून १९३१ ला मूळ दावाच फेटाळला गेला.

आता पुढे काय झाले ते पाहा. दावा फेटाळला गेल्यावर ती मंडळी 'आमच्या नशिबात नव्हते' असे म्हणून घरी बसली का? मुळीच नाही. ती ठाण्याच्या न्यायालयात अपिलात गेली. तेथे ३० जानेवारी १९३३ ला हरली. मग मुंबईला उच्च न्यायालयात गेली आणि तेथेही हरली. एका तळ्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ त्यांनी तीन न्यायालयांचे उंबरठे झिजवले. ज्यांनी हजारो वर्षे आपल्याला 'हे तुमच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ, मुकाट्याने भोगा' असे शिकवले, त्यांना स्वतःचा दावा फेटाळला गेला तेव्हा कर्माची आठवण झाली नाही! त्यांनी निकालाची नक्कल मागितली.

हे आज सांगण्याचे कारण तुरुंगाशी निगडित आहे.

पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची एखादी आई डोळ्यांपुढे आणा. मुलगा तळोजाच्या तुरुंगात. पोलादपूरहून एस.टी.ने महाड, माणगाव, पनवेल आणि तेथून तळोजा, असा सारा दिवस मोडून ती मुलाखतीला जाते. मुलगा सांगतो की औषध मिळत नाही, झाडूकाम नेमके आमच्याच वाट्याला येते, तक्रार केली तर दमदाटी होते. कोणीतरी अर्ज लिहून देतो, तो न्यायालयात जातो आणि एका ओळीत फेटाळला जातो. आई परत येते आणि म्हणते, "जाऊ द्या, नशीब त्याचं." शेजारी म्हणतात, "गुन्हा केला तेव्हा कळलं नाही का? आता भोगायचं." आणि विहार समितीतला एखादा उपासक हळूच बोलतो, "आपल्या समाजाचं नाव घालवलं पोरानं. आपण कशाला मध्ये पडायचं?"

वाचकहो, या तिघांच्या बोलण्यात जुना धर्म बोलतो आहे. देव्हाऱ्यातले देव आपण नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पण 'नशीब' नावाचा जो देव जिभेवर बसला आहे, त्याला अजून विसर्जित केलेले नाही. म्हणून मी प्रश्न सरळच विचारतो. गुन्हेगार ठरलेल्या माणसाला हक्काची तक्रार घेऊन न्यायालयात जाण्याचा अधिकार आहे काय? आणि ती तक्रार एकदा फेटाळली गेल्यावर तिला वरच्या दारावर पुन्हा नेणे धम्माला धरून आहे, की तो केवळ हट्ट आहे?

प्रथम कर्माचा विचार करू. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. त्याने तथागतांना विचारले की माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात; आपले काय मत? तथागतांनी हे मत चुकीचे ठरवले. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही ऋतू बदलल्यामुळे, काही दुसऱ्याने केलेल्या माराने. हे माणसाला स्वतःलाही कळते आणि जगालाही दिसते. मग साऱ्याचे ओझे पूर्वकर्मावर टाकणे म्हणजे डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाकारणे होय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच मुद्दा आणखी पुढे नेला आहे. गरिबांच्या आणि दीनदुबळ्यांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, याखेरीज पूर्वजन्माच्या कर्मसिद्धान्ताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. तुरुंगातल्या मुलाला औषध मिळत नसेल, तर त्याचे कारण तुरुंगाच्या दवाखान्यात शोधायचे. ते त्याच्या मागल्या जन्मात सापडणार नाही.

यावर कोणी जाणता उपासक अंगुलिमालाचे नाव घेईल, आणि त्याने ते घ्यावेच. अंगुलिमाल दरोडेखोर होता, खुनी होता. भिक्खू झाल्यावर तो भिक्षेला निघाला तेव्हा लोकांनी त्याला दगडधोंड्यांनी मारले. तो डोके फुटून, रक्तबंबाळ होऊन परतला. तेव्हा तथागतांनी त्याला सांगितले की हे तुझ्या कर्माचे फळ आहे, सोस. मग कैद्यालाही 'सोस' असेच का म्हणू नये?

मला वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. अंगुलिमालाने आपली कृत्ये कबूल केली होती. ती याच जन्मात, याच हातांनी केलेली होती. जे आपण केले त्याचा परिणाम न पळता स्वीकारणे, हा शीलाचा भाग आहे. म्हणून न्यायाने झालेली शिक्षा कैद्याने भोगावी, हे धम्माला मान्यच आहे. पण शिक्षा म्हणजे काय? न्यायाधीशाने निकालपत्रात जे लिहिले ते. त्यात अमुक वर्षे कैद असे लिहिलेले असते. औषधावाचून ठेवावे, जात बघून संडास साफ करायला लावावा, अंधारकोठडीत डांबावे, असे कोठेही लिहिलेले नसते. जे निकालपत्राबाहेरचे आहे ती शिक्षा नव्हे. तो नवा अपराध आहे आणि तो करणारा कैदी नसून दुसरा कोणी आहे. आणि दगड मारणाऱ्यांचे तथागतांनी कौतुक केल्याचे मला तरी कोठे आढळले नाही.

आता अपिलाकडे येऊ. विनयपिटकात, महावग्गाच्या चंपेय्यखंधकात एक कथा आहे. ती आपल्या विहारांतून फारशी सांगितली जात नाही. काशी जनपदात वासभगाम नावाचे गाव होते. तेथे कस्सपगोत्त नावाचा भिक्खू राहात असे. बाहेरगावचे भिक्खू आले की तो त्यांच्यासाठी आसने मांडी, पाय धुवायला पाणी देई, गावात फिरून त्यांच्या पेजेची, भोजनाची सोय लावी. एकदा असेच काही भिक्खू आले आणि राहिले. काही दिवसांनी कस्सपगोत्ताच्या मनात आले की यांचा शीण आता उतरला, गावही यांच्या ओळखीचे झाले. लोकांच्या दारी रोज यांच्यासाठी किती मागायचे? त्याने ती धावपळ थांबवली. पाहुणे रागावले. तू अपराध केलास, तो तुला दिसतो का, असे त्यांनी त्याला विचारले. मला अपराध दिसत नाही, असे तो म्हणाला. तेवढ्यावरून त्या भिक्खूंनी त्याला उत्क्षेपणीय दंड दिला, म्हणजे संघव्यवहारातून बाजूला काढले.

त्या भिक्खूने काय केले? तो गप्प बसला नाही, भांडलाही नाही. तो मनाशी म्हणाला की हा अपराध होतो की नाही, मला दिलेला दंड नियमाप्रमाणे आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मी चंपेला जाऊन भगवंतांनाच विचारावे. तो काशीहून अंगदेशातल्या चंपेपर्यंत चालत गेला. तेथे गग्गरा पुष्करणीच्या काठी तथागत होते. त्यांनी त्याचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि निवाडा दिला की हा अपराध नाही, तुला दिलेला दंड अधर्माने दिलेला आहे. तू परत जा आणि त्याच वासभगामात राहा.

या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती कस्सपगोत्ताची शंका. 'मी शंभर टक्के निर्दोष आहे' अशी छाती बडवीत तो गेला नाही. 'मला ठाऊक नाही, म्हणून विचारतो' असे म्हणून गेला. अपील करायला निर्दोषपणाची खात्री लागत नाही. खालच्या ठिकाणी माणसांनी निवाडा केला आहे आणि माणसे चुकतात, एवढे जाणणे पुरेसे असते. स्वतः भगवान बुद्धांच्या संघात भिक्खूंच्या एका गटाचा निवाडा चुकू शकतो आणि तो फिरवता येतो, तर एका ओळीत अर्ज फेटाळणारा हुकूम आपण ब्रह्मवाक्य का मानावे? विनयाचा आणखी एक दंडक लक्षात ठेवा. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या गैरहजेरीत त्याला दंड देता येत नाही. तो समोर हवा, त्याला विचारले पाहिजे.

आपल्या देशाच्या न्यायालयांनीही हळूहळू हाच रस्ता धरला आहे. १९६० च्या दशकात प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' नावाचे विज्ञानाचे मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवू द्या, एवढीच मागणी. सरकारने नकार दिला. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मग सरकारच अपील करीत दिल्लीला गेले! सप्टेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. स्थानबद्धाचे जे स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतलेले नाही ते त्याच्याजवळच राहते, असा त्या निकालाचा आशय. महाडचे तळेवाले अपील करतात, मुंबईचे सरकार अणूच्या पुस्तकासाठी अपील करते. पहिल्या नकाराला अखेरचा नकार समजतो तो गरीबच.

१९७४ साली न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यापुढे आंध्रातल्या विशाखापट्टणम तुरुंगातील नक्षलवादी कैद्यांची तक्रार होती. मागणी मान्य झाली नाही. पण त्याच निकालात त्यांनी लिहून ठेवले की शिक्षा झाली म्हणून माणसाचे सारे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. कैदी हरले, पण ते वाक्य पुढच्या कित्येक कैद्यांच्या उपयोगी पडले. १९७८ चा होसकोट खटला तर आपल्या महाराष्ट्रातलाच. आरोपीवर विद्यापीठाच्या बनावट पदव्यांचा आरोप होता. उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये त्याची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा शिक्षा भोगून झाली होती, कारण निकालाची नक्कल आपल्याला वेळेवर मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे अपील दाखल करून घेण्यासारखे न्यायालयाला वाटले नाही. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला की कैद्याला निकालाची नक्कल वेळेवर आणि फुकट मिळाली पाहिजे, अपील करण्यास तुरुंगाने त्याला साहाय्य केले पाहिजे आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील दिला पाहिजे. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बत्रा या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पत्र पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. स्वतः फाशीच्या छायेत असलेला माणूस दुसऱ्यासाठी लिहितो, याला करुणा म्हणायचे नाही तर कशाला?

आणि आता आपल्या अगदी जिव्हाळ्याची गोष्ट. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली, कारण एकाच अपराधाला वर्ण पाहून निरनिराळी शिक्षा सांगणारा तो ग्रंथ होता. पण राख झालेली मनुस्मृती स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत जिवंत होती. पश्चिम बंगालच्या तुरुंग नियमांत झाडूवाले मेथर, हाडी अशा जातींतूनच घ्यावेत असे होते. उत्तर प्रदेशच्या नियमांत साध्या कैदेतल्या माणसाला हलके काम देऊ नये, मात्र तो तशा कामाची 'सवय' असलेल्या वर्गातला असेल तर द्यावे, असे लिहिले होते. ही सवय त्या वर्गाला कोणी लावली, हे नियम लिहिणाऱ्याने सांगितले नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी या नियमांविरुद्ध याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सारे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. निकाल लिहिला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी. म्हणजे १९७४ च्या त्या न्यायमूर्तींच्या चिरंजीवांनी, बरोबर पन्नास वर्षांनी. धम्मदीक्षा घेऊन जात सोडलेल्या माणसाला तुरुंगाच्या दारात कारकुनाने 'मूळ जात सांग' म्हणून विचारावे, या अपमानाला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. कारकून तरीही विचारील, हे मी जाणतो. विचारले तर त्याची तक्रार करायची.

तळोजाचे नाव वर आले म्हणून सांगतो. महाडच्या संग्रामावर २०१६ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिणारे डॉ. आनंद तेलतुंबडे एप्रिल २०२० पासून कोठडीत होते आणि पुढे त्याच तळोजाच्या तुरुंगात होते. तो तुरुंग महाडच्याच जिल्ह्यात आहे. विशेष न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांचा जामीन नाकारला. ते अपिलात गेले. १८ नोव्हेंबर २०२२ ला उच्च न्यायालयाने जामीन दिला, त्यावर तपासयंत्रणेचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले आणि ते २६ नोव्हेंबरला, संविधानदिनी, बाहेर आले. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे खरे. पण पहिल्या नकारावर ते थांबले असते तर? त्याच खटल्यातले वृद्ध फादर स्टॅन स्वामी यांचे हात कंपवाताने थरथरत. पाणी पिण्यासाठी नळी मिळावी म्हणून त्यांना २०२० मध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यात आठवडे गेले. जामिनाचे अपील उच्च न्यायालयात पडून असतानाच ५ जुलै २०२१ ला त्यांचे निधन झाले. अपिलाचा हक्क आहे म्हणून न्याय मिळतोच, असे भोळेपणाने मी म्हणत नाही.

आता सर्वांत अवघड प्रश्न. तो टाळून हा लेख पुरा होणार नाही. अपिलाचा हक्क आपल्या मारेकऱ्यांनाही द्यायचा काय? १९२७ मध्ये महाडला आपल्या लोकांवर हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली होती. ते फार जुने झाले. खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. ते अपिलात गेले आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्या दिवशी आपल्या वस्त्यांत चूल पेटली नसेल, असे मला वाटते. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. त्या निकालाबद्दलचा माझा राग अजून शमलेला नाही आणि शमावा असेही मला वाटत नाही.

तरीही मी म्हणतो की त्यांचा अपिलाचा हक्क काढून घ्यावा असे मागू नका. दोन कारणे आहेत. एक अगदी व्यवहाराचे. हक्क कमी झाला की प्रथम कोणाचा कमी होतो? २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही असे. त्यांत दलित, आदिवासी, मुसलमान किती असतील हे तुम्हाला मी सांगायला नको. बलवानाला हक्क नसला तरी वाट सापडते. दुबळ्याला तेवढी एकच वाट असते.

दुसरे कारण धम्माचे आहे. ज्या तळ्यावर गाईगुरे पाणी पीत होती त्या तळ्यावर माणसाला बंदी होती, तेव्हा आपण 'आम्ही चांगले आहोत, सज्जन आहोत, म्हणून पाणी द्या' असे म्हटले नाही. 'आम्ही माणसे आहोत' असे म्हटले. मग आता सज्जनपणाची अट आपण कोणत्या तोंडाने घालणार? खैरलांजीच्या निकालावर आपण संतापावे, मोर्चे काढावेत, वरच्या न्यायालयात दाद मागावी. दाद मागणे हा आपलाही हक्क आहे. पण शत्रूचे तोंड बंद करून मिळालेला निकाल हा चवदार तळ्याच्या निकालासारखा पक्का होत नाही. महाडच्या त्या मंडळींनी सारी दारे ठोठावून पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून नाकारले गेले. म्हणून १९३७ नंतर त्या पाण्यावर कायद्याने बोट ठेवायला जागा राहिली नाही.

तेव्हा त्या पोलादपूरच्या आईकडे परत जाऊ. तिला विहारात पुढे बसवा. मुलाने काय केले हे तिला विचारू नका, अर्जावर काय हुकूम झाला ते विचारा. कोठडीतल्या व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना आणि स्त्रियांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तसे स्पष्ट आहे. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा महाडच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो. मुलगा आतूनही तुरुंग अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो. लिहिता येत नसेल तर विहारातल्या शिकलेल्या मुलामुलींनी लिहून द्यावे. त्यात पूर्वजन्माचा, नशिबाचा, दयेचा एक शब्दही नको. काय झाले, केव्हा झाले, कोणाला सांगितले, एवढेच असावे. हुकुमाची नक्कल मागितली तो दिवस आणि हाती मिळाली तो दिवस, दोन्ही वहीत लिहून ठेवा. शिक्षेविरुद्धच्या अपिलाला सत्र न्यायालयात ३० आणि उच्च न्यायालयात ६० दिवसांची मुदत असते. इतर हुकमांची मुदत निराळी असू शकते, ती वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीत धरले जात नाहीत. आणि उशीर झालाच असेल तर त्याचे कारण लिहून तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो.